मोगरा कोणत्या कानावर

शुक्रवार, ५ सप्टेंबर. ट्युनिस.

आज दोन जणांना हो म्हणून बसलो. सकाळी नाजीला म्हणालो, सहल घेतो. दुपारी रफीकाला म्हणालो, सहल झाली की मार्सेलला येतो, कायमचा. लेकीने लगेच बावीस तारखेचं तिकीट काढलं. बाप पुन्हा विचार करील ही भीती. घर चुलतभावाच्या ताब्यात द्यायचं, किल्ल्या त्याच्या हातात ठेवायच्या आणि चालू पडायचं. जन्म ज्या गल्लीत काढला तिचा निरोप घ्यायला एवढंसंच काम पुरतं, हे आज कळलं.

बायको, बहीजा, गेल्यापासून मी एकही गट फिरवलेला नाही. दोन उन्हाळे खिडकीत बसून काढले. नाजी सहल कंपनीचा मालक, वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आणि म्हणूनच सल्ला द्यायला पुढे. नावाआधी मानाचं 'सी' लावून म्हणतो, "सी शादली, जाण्याआधी एक शेवटची सहल घ्या. तुमच्या तोंडून कैरुआन ऐकलं की लोक विसरत नाहीत." खोटं बोलतो, पण गोड बोलतो.

पूर्वी सहलीवर असलो की जेवणाआधी बहीजाला फोन करायचो. कोण हरवलं, कोणाचं पोट बिघडलं, कोण दुकानदाराशी भांडलं, सगळं सांगायचो. ती हसायची. आता सांगायचं कोणाला? म्हणून ही वही. ती हसत नाही, तेवढीच एक उणीव.

रविवार, ७ सप्टेंबर. ट्युनिस.

उद्या निघायचं. कोट झाडला, बूट चकचकीत केले. मग मश्मूमची आठवण झाली. उन्हाळ्यातल्या सहलीवर मी कानामागे मश्मूम लावल्याशिवाय कधी उभा राहिलेलो नाही. माझी ओळखच ती. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून एक आणला: मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या, गवताच्या काड्यांना लाल दोऱ्याने गुंडाळलेल्या. घरी येईपर्यंत उमलायला लागल्या होत्या.

आणि मग आरशासमोर उभा राहून अडलो. हे काम नेहमी बहीजाचं. मी दारात मान वाकवायची, तिने खोचायचं, गालावर एक टिचकी मारायची आणि म्हणायचं, "जा, आता माझा दिसतोस." मी कशाला लक्षात ठेवू कसं लावायचं ते? शेवटी रफीकाच्या लग्नातला फोटो भिंतीवरून काढला. त्यात मश्मूम आहे, बहीजाच्याच हातचा. फोटो आरशाला टेकवून ठेवला. फोटोत फूल ज्या बाजूला दिसतं त्याच बाजूला आरशात दिसेपर्यंत हलवलं. जमलं. स्वतःवरच खूश झालो. फोटो सहलीच्या पिशवीत टाकला, रोज लागणार.

तेवढ्यात रफीकाचा फोन, चेहरा दाखवणारा. मला बघून तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"बाबा, फूल..."

"कसं दिसतं?"

"छान दिसतं." मग, "बाबा, मला काही सांगायचंय का तुम्हाला?"

"इस्त्री मिळत नाहीये. बाकी ठीक."

पोरगी परदेशी राहून हळवी झाली आहे. खाली उतरलो तर न्हाव्याने दुकानातून हात जोडून हसून म्हटलं, "अभिनंदन, सी शादली! आमच्या सगळ्यांच्या मनात होतंच." सहलीचं एवढं कौतुक? गल्लीला माझी काळजी आहे म्हणायची.

सोमवार, ८ सप्टेंबर. ट्युनिस.

गट बिझर्टचा, सगळे निवृत्त शिक्षक. म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी चुका काढायच्या. पुढच्या बाकावर दलेंदाबाई, आमच्या भाषेत लल्ला दलेंदा. काळा चष्मा, हातात पंखा, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेला. माहेर महदियाचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, हे फरजानीने माझ्या कानात सांगितलं. आमचा हा ड्रायव्हर गाडी कमी आणि बातम्या जास्त चालवतो. त्यानेही सकाळी माझ्याकडे बघून घसा खाकरला. "शोभतंय हो. हिंमत लागते." या वयात पुन्हा माईक धरायला हिंमत लागतेच, खोटं कशाला बोलू.

मोठी मशीद, अत्तरांचा बाजार, लाल टोप्यांचा बाजार. आवाज सुरुवातीला चिरकला, मग लागला. टोपीवाल्यांच्या आळीत चहाला बसलो तेव्हा माझं ठरलेलं फुलांचं भाषण केलं. "आमच्याकडे मश्मूम उजव्या कानावर असेल तर समजायचं, याचं घर भरलेलं आहे, नजर खाली ठेवा. डाव्या कानावर असेल तर माणूस एकटा आहे, आणि कोणी विचारपूस केली तर त्याची हरकत नाही."

लल्ला दलेंदा पंखा हलवायच्या थांबल्या. "आणि तुमचं, सी शादली?"

"उजव्यावर, अर्थात!" मी फुलाला बोट लावून दाखवलं. "बायको जाऊन दीड वर्ष झालं. पण फूल तिथेच राहणार."

मागे कोणीतरी फस्सकन हसलं, त्याला कोपर बसल्याचा आवाजही आला. गाडीत चढताना लल्ला दलेंदांचा आवाज ऐकू आला, वर्गात बोलतात तसा: "कोणी एक शब्द बोलायचा नाही. कळलं?" गाडीत बडबड नको म्हणत असतील. शिस्तीची बाई आहे. मला जरा धाकच वाटतो.

मंगळवार, ९ सप्टेंबर. कैरुआन.

वाईट दिवस. आधी चांगलं लिहितो.

मशिदीच्या खांबांपाशी आवाज असा लागला की माझा मलाच आवडला. "एकही खांब दुसऱ्यासारखा नाही. हे सगळे इतर इमारतींतून आणलेले. कोणाचा माथा वेगळा, कोणाची उंची वेगळी. आणि एकाच छताखाली एवढी शतकं उभे आहेत."

"त्यांची पहिली घरं पडल्यावरच आणले असतील ना?" लल्ला दलेंदांनी विचारलं.

"हो. पडक्या इमारतींतूनच."

"मग बरं," म्हणाल्या आणि खांबावर हात फिरवत राहिल्या. यात 'मग बरं' काय ते मला कळलं नाही. भूगोलवाल्यांना इतिहास समजायला वेळ लागतो.

आता वाईट. मी गटाला कधी डावं-उजवं सांगत नाही. जुन्या शहरात त्याची गरजच नसते: मशिदीच्या अंगाला, रंगाऱ्यांच्या अंगाला, उताराला, एवढं पुरतं. लोकांना ही माझी लकब वाटते. खरं काय ते बहीजालाच ठाऊक होतं: मला डावं-उजवं कळतच नाही, लहानपणापासून. तिने शिकवलं होतं, घड्याळाचा हात तो डावा. ती गेली त्याच आठवड्यात घड्याळाचा पट्टा तुटला. तेव्हापासून घड्याळ कोटाच्या खिशात आहे.

गालिचेवाल्यांच्या गल्लीत वाट फुटते. लल्ला दलेंदा सगळ्यांच्या पुढे. "सी शादली, रंगाऱ्यांचं अंग मला काय माहीत! नुसतं सांगा, डावीकडे की उजवीकडे?"

सगळ्यांसमोर विचारलं. मी रुबाबात "उजवीकडे!" म्हणालो आणि हात केला. अर्धा गट माझ्या शब्दामागे गेला आणि अर्धा माझ्या हातामागे.

पुढचं काय लिहू. उन्हात म्हातारी माणसं गल्ल्यागल्ल्यांतून एकमेकांना हाका मारत फिरत होती. एका बाईंना चक्कर आली. शेवटी सगळे बरूताच्या विहिरीपाशी सापडले, माडीवर उंट गोल फिरून पाणी ओढतो तिथे. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. एक गणिताचे मास्तर म्हणाले, "उंट बघा, डोळे बांधलेत तरी चुकत नाही." सगळे हसले, मीही हसलो आणि मकरूद मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. मनात आलं, संपलं तुझं, शादली. मार्सेलला जा, लेकीच्या बाल्कनीत बस आणि येणारी-जाणारी जहाजं बघ.

दुकानातली बाई बाहेर आली. पाकातून काढलेले गरम मकरूद बशीत घालून दिले, वर दोन जास्तीचे. माझ्या कानाकडे बघून म्हणाली, "घरी करून घालायला कोणी नाही ना? खा बाबा. माझी एक नणंद आहे, स्वभावाने शांत." मला काही अर्थबोध झाला नाही. माझ्या तोंडावर एवढं दिसतं का सगळं?

मग लल्ला दलेंदा येऊन शेजारी बसल्या, बशीतला एक मकरूद न विचारता उचलला. "चूक माझी. मी तुम्हाला कोंडीत पकडलं."

"गाइड आहे मी. रस्ता दाखवणं हे माझं काम."

"माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिला नकाशा उलटा धरल्याशिवाय समजायचा नाही. मी तिला उलटाच धरू द्यायची." बोटं चाटली. "आज कोणी विहीर चुकलं का? नाही ना? मग उठा."

उठलो.

गुरुवार, ११ सप्टेंबर. सूस.

काल काही लिहिण्यासारखं घडलं नाही, समुद्रात सगळे पाय बुडवून बसले एवढंच. मी पण विजार दुमडून बसलो. बहीजाला हे खरं वाटलं नसतं.

आज रिबात किल्ल्याचा बुरूज चढताना लल्ला दलेंदा मध्येच थांबल्या. धाप मला लागली होती, पण त्या थांबल्या. "तुम्ही सारखे मनगटाकडे बघता आणि तिथे तर काहीच नाही."

का कोणास ठाऊक, सगळं सांगून टाकलं. घड्याळाचा हात, तुटलेला पट्टा, बहीजाचं आजारपण, दारातली टिचकीसुद्धा. कोणाला म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. भूगोलाच्या बाईंना एवढं गप्प बसता येतं हे मला नवीन होतं. मग म्हणाल्या, "माझे गेले तेव्हा मी वर्षभर दोन कप चहा करत होते. दुसरा ओतून द्यायची."

खाली बाजारात मला चामड्याच्या दुकानात नेलं. पट्टे बोटांनी वाकवून वाकवून बघितले, दुकानदाराची उलटतपासणी घेतली आणि तपकिरी निवडला. "निदान उद्यापासून अर्धा गट हरवणार नाही." दुकानदाराने पट्टा बसवून दिला. घड्याळाला चावी दिली, चालू झालं. एवढे दिवस बंद होतं आणि चालू व्हायला काही लागलं नाही, याचं थोडं वाईट वाटलं.

"आता हे बांधून आरशात नीट बघा एकदा," त्या म्हणाल्या. चेहरा गंभीर होता, जरा घाबरल्यासारखाही. पट्टा शोभतो की नाही याची एवढी काळजी? मी म्हटलं, बघतो.

त्यांच्या आवाजाची सवय व्हायला लागली आहे. आज गाडीत त्या झोपल्या होत्या तर माझं बोलणं मलाच बेचव लागलं. हे कशासाठी लिहिलं कळत नाही, पण लिहिलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. महदिया.

मी गाढव आहे.

संध्याकाळी फिरायला निघण्याआधी फोटो आरशाला टेकवला, फूल खोचलं आणि घड्याळ बांधलं. पट्टा बघायला हात वर केला. घड्याळ आणि फूल एकाच बाजूला. हात कानापाशी नेला, खाली आणला, पुन्हा नेला. घड्याळाचा हात तो डावा. म्हणजे तो कान डावा. मग फोटोतला माझा कान बोटाने धरला, स्वतःचा धरला, आरशाला पाठ करून पुन्हा धरला. आरसा, फोटो आणि मी, तिघांत शहाणा एकही नव्हता.

म्हणजे ट्युनिसपासून महदियापर्यंत मी गावोगाव जाहीर करत फिरलो की हा माणूस एकटा आहे, कोणीतरी विचारा. न्हावी! ती नणंद! आणि रफीका, देवा, रफीकाने काय समजून घेतलं असेल! आणि पहिल्याच दिवशी सगळ्या गटासमोर मी डाव्या कानाला बोट लावून म्हणालो होतो, उजव्यावर, अर्थात.

फूल काढलं, पाण्याच्या पेल्यात ठेवलं. मान खाली घालून गटाला काळ्या देवडीतून आत नेलं. त्या अंधाऱ्या बोळात कोणाला माझं तोंड दिसत नव्हतं, तेवढंच बरं वाटलं. मग सगळे किनाऱ्यावरच्या कबरस्तानाकडे गेले, पांढऱ्या कबरी थेट पाण्यापर्यंत उतरतात तिथे. लल्ला दलेंदा आईबापांच्या कबरीपाशी बसून वाळकं गवत उपटत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आज कान रिकामा."

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"आणि सगळ्यांना?"

"गणिताचे मास्तर सोडून. त्यांना कालपरवा कळलं."

"मग सांगितलं का नाही मला? हसत राहिलात सगळे!"

"हसले ते पहिल्या दिवशी, एकदाच. मी दम भरला होता." आता माझ्याकडे वळल्या. "तुम्ही म्हणालात, बायको गेली पण फूल तिथेच राहणार. अशा माणसाला चार लोकांत कसं सांगायचं की फूल तिथे नाही? माझी जीभ रेटली नाही. वाटलं, तुमच्याच हाताने तुम्हाला कळावं."

"म्हणून पट्टा."

"म्हणून पट्टा. आणि तुमचा जुना भिकार होता, हेही खरं."

मला हसू आलं असतं, पण मी रागावलेला होतो. म्हणजे रागावलो आहे असं दाखवत होतो. म्हटलं, "मी बावीसला मार्सेलला चाललोय. कायमचा." हे आत्ताच का सांगितलं, देव जाणे. त्यांच्या हातातलं गवत वाऱ्याने उडून गेलं.

"असं का," म्हणाल्या. "तिथे मोगरा मिळतो का हो?"

शनिवार, १३ सप्टेंबर. स्फाक्स.

फूल लावलं नाही. तट, मासळीबाजार, सोनारांची गल्ली दाखवली. उजवं म्हणालो तेव्हा हातही उजवाच होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लल्ला दलेंदा आज मागच्या बाकावर बसल्या होत्या.

फरजानी म्हणाला, "भांडलात का?"

"गाडी चालव."

"चालवतोय. पण गाडीत कोणी मेल्यासारखं वाटतंय."

रविवार, १४ सप्टेंबर. ट्युनिस.

सहल संपली. बिझर्टच्या गाड्या सुटतात त्या बाब सादूनच्या थांब्यावर गट उतरला, गळाभेटी झाल्या, पत्ते दिले-घेतले. लल्ला दलेंदा शेवटी उतरल्या. पिशवी मी धरली होती, ती परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

"रविवारी मी मासळीचा कुस्कुस करते. एकटीचा कुस्कुस होत नाही, भांडंच मोठं आहे. दर वेळी शेजारीपाजारी वाटते. पुढच्या रविवारी तुम्ही अजून इथेच असाल ना?"

"सोमवारी विमान आहे. सामान बांधायचं असेल."

"बघा. घर बंदरासमोर, निळ्या दाराचं. डावीकडे की उजवीकडे ते सांगत नाही. पाण्याच्या अंगाला."

गुरुवार, १८ सप्टेंबर.

सामान बांधतो आहे आणि सोडतो आहे. बहीजाचे कपडे कोणाला द्यायचे ठरत नाही. तिची लाल शाल काढली, ठेवली. मला तिची भीती वाटत होती, ते सरळच लिहितो. वाटत होतं, चार शहरांत मी तिला नाकारून आलो. आणि त्याहून वाईट म्हणजे, कळल्यावर लाज वाटली तशी खंत वाटली नाही.

दुपारी आरशासमोर उभं राहून मोठ्याने सगळं सांगितलं, पूर्वी फोनवर सांगायचो तसं. उंट, नणंद, गणिताचे मास्तर, पट्टा. कान दाखवला. आणि मला अगदी स्वच्छ ऐकू आलं: बहीजा हसते आहे. डोक्यावरचा रुमाल घसरेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अरे देवा, शादली! एवढं साधं तुला लावता आलं नाही!" ती कधी माझ्यावर चिडलेली मला आठवतच नाही. चिडायची वेळ आली की तिला हसू यायचं. मग मी रडलो. पुष्कळ रडलो, आणि बरं वाटलं.

संध्याकाळी रफीकाला फोन केला. म्हटलं, तिकीट परत कर. हिवाळ्यात येईन, पाहुणा म्हणून, पंधरा दिवस.

"बाबा, त्या दिवशी तुमच्या कानावर फूल बघितलं तेव्हाच मला वाटलं होतं."

"तेव्हा काहीच नव्हतं ग."

"आणि आता?"

"आता मासळीचा कुस्कुस आहे."

तीही हसली. अगदी आईसारखी हसते. हे मला एवढी वर्षं कसं कळलं नाही?

रविवार, २१ सप्टेंबर.

इस्त्री सापडली. फोटो जागच्या जागी भिंतीवर लावला आणि बहीजाला म्हटलं, येतो.

न्हाव्याने दुकानातून विचारलं, "सी शादली, कुठे?" म्हटलं, बिझर्टला, जेवायला. फुलवाल्याकडून दोन मश्मूम घेतले. एक कागदात गुंडाळून खिशात ठेवला. कळ्या अजून मिटलेल्या आहेत, तिथे पोचेपर्यंत उमलतील. हे आता बाब सादूनला गाडी भरायची वाट बघत लिहितो आहे. ड्रायव्हरला अजून एक उतारू हवा आहे.

दुसरा मश्मूम कानाला लावला. आरशात बघितलं नाही. घड्याळ ज्या हातात आहे, त्या बाजूच्या कानावर.